ओसाकाला जाण्याआधी : आपला नकाशा आपणच काढू या

बाईने प्रवासाला निघायचं म्हटलं की आधी कारण द्यावं लागतं. काशीयात्रा, अष्टविनायक, लेकीचं बाळंतपण, नवऱ्याची बदली, भाच्याचं लग्न ही कारणं चालतात. चळवळीत काम करणाऱ्या बाईला त्यात आणखी दोन कारणं मिळतात, परिषद आणि प्रशिक्षण. पण ‘एक शहर बघायचं आहे’ हे कुणी कारण म्हणून धरत नाही.

आम्ही तिघी मैत्रिणी येत्या मार्चमध्ये दहा दिवस जपानमधल्या ओसाका शहरात जाण्याची तयारी करतो आहोत. मी पुण्यातल्या एका वस्तीत समुपदेशन केंद्र चालवते. दुसरी मैत्रीण रुग्णालयात परिचारिका आहे. तिसरी अठरा वर्षं घर सांभाळते आहे. आम्ही आपसात भिशी लावली आणि चार वर्षं दरमहा प्रत्येकी तीन हजार रुपये बाजूला टाकले. तेव्हापासून आम्हांला विचारले गेलेले प्रश्न ठरलेले आहेत. तिकडे कोण आहे? बोलावलंय का कुणी? घरचं कोण बघणार? एकानेही विचारलं नाही की ओसाकाला बघण्यासारखं काय आहे.

चळवळीतूनही एक प्रश्न आला, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. ‘एवढ्या पैशांत वस्तीतल्या किती मुलींची फी भरली गेली असती?’ हिशोब खरा आहे. पण हा हिशोब नेहमी बाईच्याच पिशवीत का शिरतो, याचाही विचार करायला हवा. घरात तिच्या पैशावर आधी मुलांचा हक्क, मग सासरचा, मग माहेरचा. सामाजिक कामात आली की त्यात समाजाची भर पडते. तिचा स्वतःचा हक्क रांगेत शेवटी उभा असतो आणि त्याची पाळी येईपर्यंत गुडघे गेलेले असतात. केंद्रात येणाऱ्या बायकांना आम्ही सांगतो, ‘स्वतःसाठी चार पैसे ठेवा, चार तास ठेवा.’ हे सांगणाऱ्या बाईने स्वतः ते केलं की अपराधी वाटून घ्यायचं, हा सेवाभाव मला मान्य नाही. मुलींच्या फीसाठी आपण सरकारशी भांडतो, ते भांडण चालूच राहील.

आणि बायकांनी प्रवासाला जाऊन तिथलं जग तपासून बघणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पंडिता रमाबाई १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून निघाल्या आणि जपानमार्गे मायदेशी परतल्या. त्यांनी अमेरिकेवर लिहिलेल्या मराठी पुस्तकात तिथल्या बायकांचं शिक्षण, कायदे, संस्था हे सगळं येतं. सहलीच्या पत्रकातली स्थळं मोजत त्या हिंडल्या नाहीत. आपणही प्रवासाची आखणी करताना हाच धागा पकडावा, असं मला वाटतं. म्हणून ही आखणी जरा सविस्तर सांगते.

पहिली अडचण कागदांची. परिचारिका मैत्रिणीचा घटस्फोट झालेला आहे. पारपत्राच्या कामात एका खिडकीवर तिला तीन वेळा ‘मिस्टरांचं नाव?’ असं विचारलं गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये बदललेल्या नियमांनुसार विभक्त किंवा घटस्फोटित अर्जदारावर जोडीदाराचं नाव देण्याची सक्ती नाही आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं. नियम बदलला तरी खिडकीमागच्या माणसाची सवय बदलायला वेळ लागतो. तिने नियमाची छापील प्रत पुढे सरकवली, तेव्हा काम झालं. मैत्रिणींनो, ती प्रत जवळ ठेवत जा.

व्हिसाची अडचण याहून खोल आहे. प्रवासाचा खर्च कोण करणार, हे दाखवावं लागतं. त्यासाठी बँकेतली शिल्लक, पगाराचा दाखला, आयकराचे कागद लागतात. माझे कागद एका फायलीत मावले. तिसरीकडे यातलं काहीच नव्हतं. अठरा वर्षं रोज पहाटे पाचला उठणाऱ्या, दोन मुलांना वाढवणाऱ्या, सासऱ्यांचं आजारपण काढणाऱ्या बाईच्या नावावर जमा काय, तर भिशीचे पैसे. घर नवऱ्याच्या नावावर, ठेवी नवऱ्याच्या नावावर. दुसरा कुणी खर्च करत असेल तर त्याचं हमीपत्र, त्याचे उत्पन्नाचे कागद आणि त्याच्याशी असलेल्या नात्याचा पुरावा जोडावा लागतो. ती म्हणाली, ‘मी केलेल्या कामाची स्लिप कोण देणार?’ यात जपानच्या वकिलातीला दोष देऊन भागणार नाही. आपल्या घरांत काय चालतं, ते त्या अर्जाने स्वच्छ दाखवलं इतकंच. तिने वर्षभरापूर्वी स्वतःच्या नावावर खातं उघडलं आणि भिशीची पुढची रक्कम त्यात भरत गेली. तरी नवऱ्याचं पत्र जोडावं लागणारच आहे. तो आनंदाने देतो आहे, पण ते देणं त्याच्या मर्जीवर आहे, हाच तर मुद्दा आहे.

नावाचं म्हणाल तर जपानी बायकांची परिस्थिती आपल्याहून कठीण आहे. तिथल्या नागरी कायद्याच्या ७५० व्या कलमाप्रमाणे नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं लागतं. कायदा म्हणतो, कुणाचंही चालेल. प्रत्यक्षात शंभरातल्या जवळजवळ पंचाण्णव जोडप्यांत बाईच आडनाव सोडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हे कलम घटनेला धरून आहे असा निकाल दिला. २०२५ मध्ये सानाए ताकाइची यांच्या रूपाने जपानला पहिली स्त्री पंतप्रधान मिळाली, आणि त्या स्वतः वेगळ्या आडनावांच्या मागणीच्या विरोधातल्या. बाई सत्तेवर आली म्हणजे बायकांचं राज्य आलं असं होत नाही, हे आपल्याला इंदिराबाईंच्या काळापासून माहीत आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या स्त्री-पुरुष विषमतेच्या यादीत १४८ देशांत जपान ११८ वा आणि आपण १३१ वे. इतका पैसा आणि इतक्या वेगाच्या गाड्या असलेला देश या यादीत आपल्यापासून फार लांब नाही. श्रीमंती आली की समता आपोआप येते असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. ‘जपान ना? मग काळजी नाही, बायका रात्री एकट्या फिरतात तिथे,’ असं प्रत्येकजण सांगतो. रस्त्यावरची लूटमार तिथे कमी आहे, हे खरं. पण ओसाकाच्या मिदोसुजी या भुयारी रेल्वेमार्गाची गोष्ट मार्गदर्शक पुस्तकांत नसते. १९८८ मध्ये या गाडीत दोन पुरुष एका मुलीला त्रास देत होते. दुसऱ्या एका तरुणीने त्यांना हटकलं. त्याचा राग धरून त्या दोघांनी हटकणाऱ्या तरुणीलाच धमकावून गाडीतून उतरवून नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. गर्दीतल्या कुणी मदत केली नाही. या घटनेनंतर ओसाकातल्या बायका संघटित झाल्या, रेल्वेकडे गेल्या, प्रवासी बायकांचे अनुभव गोळा केले. गर्दीत अंगाला हात लावणाऱ्याला जपानीत ‘चिकान’ म्हणतात. तोवर हा प्रकार चेष्टेचा विषय होता आणि ‘सावध राहा’ हा उपदेश बाईलाच होता. चिकान हा गुन्हा आहे, असं बजावणारे फलक स्थानकांवर लागले ते नंतर. मिदोसुजी मार्गावर बायकांसाठी राखीव डबा आला २००२ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी.

मुंबईकर मैत्रिणींना राखीव डब्याचं नवल नाही. लेडीज स्पेशल १९९२ पासून धावते आहे. तिथे भाजी निवडली जाते, भिशी चालते, भांडणं होतात, मैत्री होते. तो डबा मला प्रिय आहे. पण तो कुणी दिलेली भेट आहे, असं मानू नये. डबा वेगळा केला की बाईची जागा बदलते, पुरुषाची वागणूक तशीच राहते. ओसाकात गुलाबी खुणा केलेल्या त्या डब्यात आम्ही बसू, तेव्हा ज्या अनाम तरुणीने १९८८ मध्ये तोंड उघडलं तिची आठवण ठेवून बसू.

कायद्याचंही तसंच. जपानचा बलात्काराचा कायदा १९०७ चा. त्यात पहिला मोठा बदल व्हायला ११० वर्षं लागली, २०१७ उजाडलं. त्यानंतरही बाईने ‘नाही’ म्हटलं एवढं पुरत नव्हतं, ती प्रतिकार करू शकत नव्हती हे सिद्ध करावं लागे. मार्च २०१९ मध्ये तिथल्या एका न्यायालयाने स्वतःच्या १९ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्या बापाला सोडून दिलं. मुलीची संमती नव्हती हे न्यायालयाला मान्य होतं, पण ती अगदीच प्रतिकार करू शकली नसती असं म्हणता येत नाही, असा युक्तिवाद होता. हे वाचताना मथुराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत जे घडलं, त्यावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत म्हणून संमतीचाच अर्थ काढला होता. त्या निकालातून आपली चळवळ उभी राहिली. जपानमध्येही तसंच झालं. एप्रिल २०१९ पासून दर महिन्याच्या ११ तारखेला बायका हातात फुलं घेऊन चौकात उभ्या राहू लागल्या. टोकियोप्रमाणेच ओसाकात आणि इतर शहरांत ही निदर्शनं झाली. त्या बापाला वरच्या न्यायालयाने २०२० मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. २०२३ मध्ये कायदा बदलून संमती नसणं हाच गुन्ह्याचा गाभा ठरला आणि संमतीचं वय १३ वरून १६ वर आलं. शहर सुरक्षित आहे की नाही, हे विचारताना ते कुणी सुरक्षित केलं, हेही विचारायला हवं.

मार्चच का, असं तिसरीच्या घरी विचारलं गेलं, कारण तिच्या मुलाची नववीची परीक्षा तेव्हाच. परीक्षा मुलाची आहे, आई पेपरला बसत नाही, यावर ती ठाम राहिली. मार्चचं कारण पैशाचं आहे. महिन्याच्या अखेरीला चेरीचा बहर येतो आणि खोल्यांचे भाव चढतात, म्हणून आम्ही त्याआधीचे दहा दिवस धरले. नेमकी तेव्हाच ओसाकात सुमो कुस्त्यांची वासंतिक स्पर्धा असते. पंधरा दिवस शहर त्यात रंगतं, आणि तिकीट काढायचं का यावर आमच्या तिघींचं एकमत झालेलं नाही.

व्यावसायिक सुमोच्या मातीच्या आखाड्यावर बाईने पाय ठेवायचा नाही, तो अपवित्र होतो, अशी रूढी आहे. २००० मध्ये फुसाए ओता ओसाका प्रांताच्या गव्हर्नर झाल्या. जपानमधल्या कुठल्याही प्रांताच्या त्या पहिल्या स्त्री गव्हर्नर. या स्पर्धेत गव्हर्नरच्या नावाचं पारितोषिक आखाड्यावर जाऊन द्यायचं असतं. ते आपण स्वतः देऊ, असं त्या म्हणाल्या आणि सुमो संघटनेने नकार दिला. बाईच्या पदाचं पारितोषिक पुरुषाच्या हातून दिलं गेलं. त्यांच्या आधीचे गव्हर्नर योकोयामा नोक्कु हे विनोदी नट. १९९९ च्या निवडणूक प्रचारात काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा त्यांनी लैंगिक छळ केला. उलट तिलाच खोटं ठरवण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने त्यांना १ कोटी १० लाख येन भरपाई द्यायला लावली आणि त्यांना पद सोडावं लागलं. त्याच जागेवर ओता आल्या. म्हणजे छळ करणाऱ्या पुरुषाला आखाड्यावर चढायला आडकाठी नव्हती, निवडून आलेल्या बाईला होती. पुढे एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू गावात आखाड्यावर भाषण करताना तिथले महापौर कोसळले. प्रथमोपचार करायला धावलेल्या बायकांना ध्वनिक्षेपकावरून आखाड्यावरून उतरायला सांगितलं गेलं. संघटनेला नंतर माफी मागावी लागली. नियम मात्र राहिला.

शनिशिंगणापूरचा चौथरा आपल्याला २०१६ मध्ये न्यायालयात आणि रस्त्यावर भांडून मिळाला. त्यामुळे ‘त्यांची संस्कृती आहे, आपण पाहुण्या’ हे म्हणणं मला पटत नाही. तिथल्याच बायका याविरुद्ध बोलतात. हौशी सुमोत जपानी मुली कुस्त्या खेळतात. माझं मत स्पष्ट आहे : मी तिकीट काढणार नाही. परिचारिका मैत्रीण म्हणते, पाहिल्याशिवाय विरोध कसा करायचा. ती जाईल. तिला अडवण्याचा अधिकार मला नाही, पण आपण दिलेला पैसा हेही एक मत असतं, एवढं मी तिला सांगितलं आहे.

राहण्याची सोय हा तिसरा वादाचा विषय. आमच्या पैशांत बसणाऱ्या खोल्या शिन-इमामिया स्थानकाच्या आसपास आहेत. विमानतळावरून नानकाई रेल्वे तिथे सरळ येते. हा भाग म्हणजे कामागासाकी, रोजंदारी मजुरांची वस्ती. साठ-सत्तरच्या दशकांत जपानने पूल, रस्ते, प्रदर्शनाची मैदानं बांधली ती इथल्या मजुरांच्या जिवावर. इथल्या मजुरांची पहिली मोठी दंगल १९६१ ची. आज ते म्हातारे झाले आहेत, काम राहिलेलं नाही, अनेकजण सरकारी मदतीवर जगतात. त्यांच्यासाठीच्या तीन चटयांच्या खोल्या असलेल्या खानावळवजा इमारतींपैकी काहींची आता परदेशी प्रवाशांसाठी स्वस्त हॉटेलं झाली आहेत. त्यात राहायचं का? माझ्या मते राहावं, कारण आम्ही काही महागड्या हॉटेलांतल्या बायका नाही. पण अन्नवाटपाच्या रांगेतल्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत. आपल्या वस्तीत कॅमेरा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचा आपल्याला किती संताप येतो, ते आठवावं.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर तोबिता शिन्ची आहे. जपानमध्ये वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५६ मध्ये झाला. त्यानंतर इथल्या घरांच्या पाट्या बदलून ती ‘उपाहारगृहं’ झाली आणि व्यवसाय तसाच चालू राहिला. दाराशी उजेडात तरुण मुलगी बसते, शेजारी वयस्क बाई गिऱ्हाईक बोलावते. जपान फिरून आलेल्या काही ओळखीच्या पुरुषांनी ‘एक चक्कर मारून या, मजा असते’ असं सुचवलं. बुधवार पेठेत काम केलेल्या कुठल्याही कार्यकर्तीला ठाऊक असतं की असल्या चकरांनी तिथल्या बायकांना काय वाटतं. आम्ही त्या गल्लीत जाणार नाही. बाईला बघण्याची वस्तू करणारी नजर बाईची असली, म्हणून ती निर्दोष होत नाही.

मग बघायचं काय? माझ्या यादीत पहिलं नाव कापसाचं आहे. ओसाका बोसेकी या सूतगिरणीचं काम १८८३ मध्ये सुरू झालं आणि पुढे ओसाकाला ‘पूर्वेचं मँचेस्टर’ म्हणू लागले. विजेच्या दिव्यांखाली रात्रपाळ्या चालत आणि त्या करायला खेड्यांतल्या गरीब घरांच्या मुली आणल्या जात. घरच्यांना उचल द्यायची आणि मुलीला गिरणीच्या वसतिगृहात कुंपणाआड ठेवायचं, ही पद्धत. ऊसतोडीच्या टोळीतली उचल माहीत असलेल्या वाचकांना जास्त सांगायला नको. बायकांची रात्रपाळी थांबली ती १९२९ मध्ये. आणि या गिरण्यांत कापूस कुठला? १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानी जहाज कंपनीने मिळून मुंबई ते कोबे जहाजं सुरू केली, ती कापसासाठी. वऱ्हाडात बायकांनी वेचलेला कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊन तिकडे मुलींच्या हातांनी सूत होत होता. दोन्हीकडच्या हातांना एकमेकींचा पत्ता नव्हता. १९३० मध्ये शेजारच्या साकाई गावातल्या किशिवादा गिरणीत कोरियन आणि जपानी कामगार बायकांनी मिळून संप केला. गुलाम देशाची बाई आणि मालक देशाची बाई एका फाटकाशी उभ्या राहिल्या, हे मला ओसाकाच्या किल्ल्यापेक्षा मोठं वाटतं.

त्या कोरियन कामगारांची नातवंडं-पतवंडं आजही इकुनो भागात राहतात. त्सुरुहाशी स्थानकापासूनचा तिथला बाजार आम्ही पाहणार आहोत. युद्धकाळात कोरियासह अनेक देशांतल्या मुलींना जपानी सैन्याच्या वेश्यागृहांत कोंडलं गेलं. २०१३ मध्ये ओसाकाचे तेव्हाचे महापौर तोरू हाशिमोतो म्हणाले की त्या काळात ही व्यवस्था गरजेची होती. सॅन फ्रान्सिस्कोने त्या स्त्रियांचं स्मारक स्वीकारलं, म्हणून २०१८ मध्ये ओसाकाने त्या शहराशी असलेलं भगिनी-शहराचं साठ वर्षांचं नातं तोडलं. ‘पीस ओसाका’ या १९९१ च्या संग्रहालयातली जपानच्या आक्रमणाची माहिती २०१५ मध्ये कमी केली गेली आणि शहरावर झालेले बॉम्बहल्ले पुढे आणले गेले. बुराकू या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा लढा मांडणारं मानवाधिकार संग्रहालय २०२० मध्ये बंद झालं. काय दाखवलं जातं याबरोबर काय काढून टाकलं गेलं, तेही प्रवासाच्या वहीत लिहायचं, असं आम्ही ठरवलं आहे.

एक दुवा अगदी आपल्या अंगणातला. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि त्यातून १९१६ मध्ये आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, हे आपण ऐकतो. १९०१ चं ते जपानी विद्यापीठ काढणारे नारुसे जिन्झो आधी ओसाकात मुलींच्या शाळेत शिकवत होते. आणि त्यांच्या पाठीशी पैसा आणि वजन घेऊन उभी राहिली ओसाकाची हिरोओका आसाको, पेढी आणि कोळशाची खाण चालवणारी व्यापारी बाई. तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलं नाही. पोचला तो ‘चांगली पत्नी, शहाणी माता’ हा आदर्श, आणि तो आपल्याकडच्या सोवळ्या मनाला फार मानवला. शिक्षणाचं दार उघडलं हे थोर काम. पण दारावरची पाटी कुणी लिहिली, हेही पाहावं.

तेन्माबाशीजवळ १९९४ मध्ये उघडलेलं ‘डॉन सेंटर’ हे स्त्रियांसाठीचं केंद्र आमच्या यादीत आहे. सरकारी पैशाने चालणारी, बायकांना बसायला, वाचायला, भेटायला जागा देणारी अशी इमारत आपल्या शहरांत का नाही, हा प्रश्न मी परत येऊन महापालिकेला विचारणार आहे. आणि स्वच्छतागृहं! स्थानकात, बागेत, फुकट आणि स्वच्छ. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम २०११ मध्ये सुरू झाली ती नेमकी याचसाठी. तरी तिथेही एक गंमत आहे. लघवीचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून बायकांच्या स्वच्छतागृहांत पाणी वाहिल्याचा नुसता आवाज काढणारं यंत्र १९८८ पासून बसवलं जातं. शरीराची लाज किती खोल शिकवली जाते, पाहा.

शेवटी याद्यांबद्दल. बाई प्रवासाला निघते तेव्हा ती दोन याद्या करते. एक तिकडची आणि दुसरी घरची. दूध किती, गॅसचा नंबर कुठे, सासूबाईंच्या गोळ्या कोणत्या, शिकवणीचे पैसे कधी, डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या. तिसरीने या वेळी दुसरी यादी लिहायचं नाकारलं. ‘अठरा वर्षं या घरात तुम्हीही राहताय,’ असं ती म्हणाली. घर दोन दिवस घुम्यासारखं राहिलं. मग मुलानेच आजीच्या गोळ्यांची नावं वहीत उतरवून घेतली. ओसाकाचं विमान सुटो न सुटो, तिचा प्रवास तिथे सुरू झाला, असं मी मानते.

आणि दहा दिवसांपैकी एक दिवस आम्ही कोरा ठेवला आहे. त्या दिवशी कुठलं केंद्र नाही, संग्रहालय नाही, अहवालाच्या नोंदी नाहीत. बाईने शहरात विनाकारण रेंगाळणं हा तिचा हक्क आहे, अशी मांडणी मुंबईवरच्या ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ च्या पुस्तकात केली आहे. आपल्याकडे हा हक्क बजावताना हातात पिशवी तरी धरावी लागते, म्हणजे बाजाराला निघालोय असं दिसतं. त्या दिवशी आम्ही पिशवी न घेता बाहेर पडणार आहोत.

मैत्रिणींनो, ओसाकाच पाहिजे असं नाही. सोलापूर चालेल, पणजी चालेल. पण कारण देऊ नका, खातं स्वतःच्या नावाने ठेवा, आणि दुसरी यादी लिहू नका. तुम्ही असा प्रवास केला असेल, किंवा निघता निघता तो अडला असेल, तर कुठे अडला ते आम्हांला जरूर लिहून कळवा.